होडीचं नाणं

पत्रिकेवर आपलं नाव छापलेलं आहे हे नंदकिशोरच्या लक्षात आलं, तेव्हा तो चहाचा कप बशीत ठेवत होता. कप बशीच्या कडेवर टेकला, कलंडला, आणि चहाचा ओघळ टेबलावरच्या प्लॅस्टिकवरून पत्रिकेवरच्या गणपतीपर्यंत गेला. त्याने घाईने पत्रिका उचलून लेंग्याला पुसली. वास्तुशांत. रविवार, सकाळी अकरा. निमंत्रक शिवा बाळ्या घरत. आणि खाली, माजी सरपंचांच्याही वर, जाड अक्षरांत: प्रमुख उपस्थिती, प्रा. डॉ. नंदकिशोर देवस्थळी. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"एक मुलगा आला होता मोटरसायकलवरून," गीतांजली स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेजस घरत. म्हणाला, बाबांचा निरोप आहे, सर आल्याशिवाय पूजेला बसणार नाही. कोण हो हे घरत?"

"कॉलेजात शिपाई होता. पूर्वी."

"तो शिवा? नाणी सापडली होती तो?" ती हात पुसत दारात आली. "बारा वर्षं झाली असतील ना? आणि अजून आठवण ठेवलीय बघा माणसाने."

नंदकिशोर हो म्हणाला. पत्रिका त्याने वाळायला खिडकीत ठेवली आणि मग, तिथे ती खालून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं वाटून, परत उचलली. वाशीत ते राहायला आले तेव्हा या खिडकीतून नुसतं गवत दिसायचं. आता समोरच्या इमारतीतल्या माणसाची दाढी चाललेली दिसत होती. तो माणूस आरशात बघताबघता थांबला आणि नंदकिशोरला वाटलं, तो आपल्याकडेच बघतोय. हे नवीन नव्हतं. बारा वर्षांत कुणी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की त्याचं मन आधी पुस्तकांच्या कपाटाकडे जायचं. वरून तिसरा कप्पा, जाड शब्दकोशांच्या मागे फिल्मच्या रोलची काळी डबी. डबीत कापूस, कापसात नाणं. गीतांजलीच्या हाती ती एकदा सफाई करताना लागली होती. नक्कल आहे, त्याने सांगितलं होतं, शिकवायला मागवलेली. ती इतक्या सहज बरं म्हणाली की त्याला तिचाच राग आला होता.

शिवा कॉलेजात आला तो गावची जमीन नव्या शहरात गेली म्हणून. मिठागराची जमीन होती त्यांची, रबाळ्याच्या खाडीकडे. तिच्या बदल्यात एका भावाला नोकरी, ती शिवाला मिळाली. सडसडीत, काळासावळा, पंचविशीतला माणूस. खाकी कपडे अंगावर उसने घेतल्यासारखे. तास संपला की फळा पुसायचं काम त्याचं नव्हतं, तरी नंदकिशोरच्या तासानंतर तो डस्टर घेऊन यायचा आणि पुसायच्या आधी उभा राहायचा. नंदकिशोर तेव्हा छत्तिशीत होता, रोमन नाण्यांवरच्या लष्करी चिन्हांवर प्रबंध लिहीत होता, आणि एफ.वाय.च्या पोरांना अभ्यासक्रमात नसलेलं सगळं सांगायचा. फळ्यावर गरुड काढायचा, पंख अर्धे उघडलेला, दोन बाजूंना सैन्याची दोन निशाणं. हा गरुड म्हणजे पलटणीचा जीव, तो शत्रूच्या हाती गेला तर अख्खी पलटण तोंड दाखवू शकत नसे. कधी एकमेकांत गुंफलेले दोन हात काढायचा आणि खाली लिहायचा, सैन्याची निष्ठा. "अशी नाणी कधी पाडत माहीत आहे? सैन्य उलटायच्या बेतात असलं की. निष्ठा असते तेव्हा ती कुणी नाण्यावर छापत नाही." पोरं हसायची. दारात शिवाही हसायचा, अर्धा क्षण उशिरा. "सर, ही होडी कोनाची?" एकदा त्याने विचारलं होतं, फळ्यावरच्या लांबलचक, वल्ह्यांच्या जहाजाकडे बोट करून. नंदकिशोरने सांगितलं, एका सेनापतीची. अँटनी त्याचं नाव. समुद्रावरच्या मोठ्या लढाईआधी सैनिकांचे पगार द्यायला त्याने ही नाणी पाडली. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला गरुड आणि पलटणीचा आकडा. लढाई हरतोय असं दिसल्यावर तो जहाजात बसून निघून गेला, पण त्याचं पायदळ किनाऱ्यावर सात दिवस त्याची वाट बघत राहिलं. तो पळालाय हे त्यांना कुणी सांगितलं तरी खरं वाटेना. शिवाने डस्टर फळ्याला लावला आणि परत काढून घेतला. "सात दीस," तो म्हणाला. "मंग?" मग काय, दुसऱ्या तासाची घंटा झाली.

डस्टर धरणारे शिवाचे तेच हात त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये, सगळे जेवायला गेलेले असताना, स्टाफरूमच्या टेबलावर एक ओला पंचा सोडत होते. घरामागे संडासाचा खड्डा खणताना शिवाला गाडगं लागलं होतं, लिंबाएवढ्या तोंडाचं. पंच्यातून चांदी टेबलावर सांडली तेव्हा नंदकिशोरला प्रथम आवाजच ऐकू आला, काचेसारखा. मग त्याला दिसलं की नाणी लखलखीत आहेत, नको तितकी. "धुतली का रे?" "बायकोनं घासली, राखेनं." जवळजवळ सगळी एका छापाची होती, पानांचा मुकुट घातलेला सम्राट, मागे हातात फांदी धरून बसलेली बाई. किनाऱ्यावर अशी सापडतात, आनंदाची गोष्ट होती, पण नवल नव्हतं. शिवा मात्र बोटाने उकरत होता. "थांबा सर, तुमची होडी दावतो." आणि त्याने ते काढलं. झिजलेलं, कडेला चेचलेलं, जहाजाची वल्ही मोजता येतील इतकी स्पष्ट. उलटं केलं तर गरुड आणि दोन निशाणं. "फळ्यावरची हाय ना? मी बायकोला बोल्लो, ही सरांची होडी हाय." नंदकिशोरचे कान गरम झाले. त्या सेनापतीकडे चांदी कमी पडली होती, त्याने हलकी नाणी पाडली, आणि आपल्याकडचे व्यापारी चांदी पारखून घेत. म्हणून ही नाणी हिंदुस्थानात जवळजवळ सापडत नाहीत. त्यातलं एक आता समोर होतं, आणि ते एका शिपायाच्या काळ्या तळहातावर होतं.

"हे सरकारजमा करावं लागेल, शिवा. ठाण्याला कलेक्टर कचेरीत. कायदा आहे."

"तुमी सांगाल तसं," शिवा म्हणाला. "फक्त त्याच्यावर काय लिवलंय ते मना सांगा कवातरी."

त्या संध्याकाळी घरी नंदकिशोरने सगळ्या नाण्यांची कागदावर शिसपेन्सिलीने ठशांची चित्रं घेतली. सहा वर्षांची श्रुती मांडीवर चढून बघत होती. दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाताना त्याने होडीचं नाणं टेबलाच्या खणात ठेवलं. चोरायचं असं त्याच्या मनात नव्हतं. हे तो आजही शपथेवर सांगू शकला असता, आणि ते सांगता येतं याचीच त्याला किळस यायची. नाणं एकदा सरकारी तिजोरीत गेलं की पाच वर्षं दिसणार नाही. दोन दिवसांनी, झीज नीट मोजून, मीच नेऊन देईन. कचेरीत कारकुनाने विचारलं, वर्णन काय लिहू? तो म्हणाला, सर्व नाणी एकाच छापाची. खाली त्याने सही केली. शिवाने त्याच्या सहीखाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं, काय लिहिलंय हे न वाचता.

दोन दिवसांचे बारा झाले. गावात कुणीतरी बोललं की शिवाने सोनं लपवलं. चौकीतून हौसेराव नावाचे जमादार आले, शिवाला घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत. नंदकिशोरला तासावरून बोलावलं. त्याच्या बोटांना खडू होता. खोलीत पंखा चालू होता आणि प्राचार्यांनी टेबलावरचे कागद दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

"सर," हौसेराव म्हणाले, "हा म्हणतो एका नाण्यावर होडी होती. तुमच्या यादीत होडी नाही. होती का?"

नाणं पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. होती हो, अभ्यासाला ठेवलीय, आत्ता आणतो, एवढं म्हणायचं होतं. सगळे हसले असते. नंतरच्या वर्षांत त्याने हे वाक्य इतक्या वेळा, इतक्या परींनी म्हणून बघितलं होतं की कधीकधी ते आपण खरोखर म्हणालो होतो असं त्याला क्षणभर वाटायचं. पण प्राचार्य बघत होते. विभागप्रमुखाची जागा त्या महिन्यात भरायची होती, आणि यादीखाली त्याची सही होती.

"नाही," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर. पण शिवा त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता की ते बघणं कुठेतरी वळवावं म्हणून तो पुढे बोलला. "मी वर्गात फळ्यावर होडीचं नाणं काढतो. हा रोज बघतो. तेच याच्या डोक्यात राहिलं असेल."

शिवाने मान थोडी वाकडी केली. आठवून बघत असल्यासारखी. मग तो हळू म्हणाला, "आसंल. सर बोलतात तर आसंल."

तरी त्याला चौकीत नेलं. जबानी बदलतो म्हणून. दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी सोडलं, पण तो कॉलेजात परत आला नाही. भावाच्या हाती राजीनामा आला. नंदकिशोर विभागप्रमुख झाला, प्रबंध पुरा केला. नाण्यांवरचा त्याचा लेख एका इंग्रजी नियतकालिकात आला. त्यात त्याने मुद्दाम, तसा प्रघात नसताना, शोधणाऱ्याचं नाव पूर्ण घातलं. एका वाक्यात शिवा बाळ्या घरत, आणि पुढच्याच वाक्यात सर्व नाणी एकाच छापाची. ज्या नाण्यासाठी हे केलं त्याच्याबद्दल त्याला आयुष्यात एक ओळ लिहिता येणार नव्हती. फळ्यावर तो आता गरुड काढायचा, होडी काढायचा नाही. आणि किनाऱ्यावर सात दिवस थांबलेलं ते पायदळ त्याने शिकवणं सोडलं. मात्र एकटा असताना तो त्या सैनिकांवाचून राहू शकायचा नाही. शिवाचं ते वाकड्या मानेचं 'आसंल' त्याला त्यांच्यातलंच वाटायचं. शिवाला सगळं कळलं होतं, आणि त्याने आपल्याला वाचवलं. दोन दिवस चौकीत काढले, पण नाव घेतलं नाही. या विचाराने त्याला झोप लागायची नाही, आणि त्याच विचाराच्या कुशीत तो अखेर झोपायचा.

रविवारी तो एकटाच निघाला. गीतांजली येते म्हणत होती, त्याने तिला नको म्हटलं. शर्टाच्या खिशात डबी होती. रिक्षा ठाणे-बेलापूर रस्त्याला लागली. कारखान्यांच्या भिंती, केमिकलचा गोडसर वास, मग डावीकडे वळल्यावर गाव. त्याच्या कल्पनेत बारा वर्षं कौलारू घर आणि त्यामागे खड्डा होता. समोर तीन मजली इमारत उभी होती, फिकट गुलाबी, खाली दोन दुकानांची शटरं. गेलेल्या जमिनीपोटी सिडकोकडून साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, त्यावर बांधलं, हे त्याला मांडवाच्या तोंडाशी तेजसने सांगितलं. चुणचुणीत पोरगा, विशीतला, हातात वहीएवढा मोठा कॅल्क्युलेटर. "सर, बाबा सकाळपासून दहा वेळा विचारतायत, आले का, आले का."

शिवा आला तो पांढऱ्या सफारीत, उपरणं सावरत. जाड झाला होता. कानशिलं पिकली होती. वाकून पाया पडला आणि नंदकिशोरच्या तोंडून निघालं, "अहो, तुम्ही कशाला..."

"काय बोल्लात?" शिवाने मान वळवून उजवी बाजू पुढे केली. "या कानाला बोला सर. डावा गेला."

"कधी?"

"लई वर्सं जाली." तो हसला. "आनी मना तुमी काय बोलता? शिवा बोला."

लई वर्सं. नंदकिशोरने खुर्चीच्या पाठीला धरलं. भटजींनी बोलावलं म्हणून शिवा गेला, आणि तो त्या डाव्या कानाकडे, कानामागून मानेत उतरणाऱ्या एका पांढुरक्या वणाकडे बघत राहिला. चौकीतले दोन दिवस त्याने नेहमी अंधारी खोली म्हणून पाहिले होते. त्यात हात कधी पाहिला नव्हता, कानावर पडणारा. पूजा सुरू झाली. त्याला मानाने आतल्या दिवाणखान्यात, भिंतीशी बसवलं होतं. नव्या रंगाचा वास, उदबत्त्या, पंख्याखाली हलणाऱ्या साड्या. समोरच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या, शिवाच्या आईवडिलांचे फोटो होते, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, तशाच सोनेरी चौकटीत, एक छापील पान. लांबूनही त्याने ते ओळखलं. कुणीतरी कॉलेजच्या लायब्ररीतून फोटोकॉपी काढून दिली असावी. शिवाच्या नावाखाली लाल पेनाने रेघ मारली होती. रेघ जरा लांबली होती आणि पुढच्या वाक्यालाही लागली होती.

पूजा आटोपल्यावर शिवाने माईक घेतला. आपला आवाज किती मोठा होतोय हे त्याला कळत नव्हतं. "ह्ये आमचे सर. ह्यांच्यामुळं माझं नाव इंग्लिश पुस्तकात हाय. मी येडा मानूस, काय बघितलं काय नाय ते मना समजत नव्हतं, पन सरांनी माझं नाव कापलं नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदकिशोरच्या गळ्यात हार पडला, झेंडूचा, ओला. खिशातली डबी हाराखाली दाबली गेली.

जेवणाची पानं मांडताना शिवाची बायको त्याच्यापाशी आली. पुतळा तिचं नाव. उंच, हिरव्या नऊवारीतली, तोंडावर हसू नसलेली. ताट तिने त्याच्या हातात न देता शेजारच्या खुर्चीवर ठेवलं.

"पत्रिकेत तुमचं नाव मी नको बोल्ले व्हते," ती म्हणाली. आवाज खाली होता, पण एकेक शब्द वेगळा. "त्यांनी आयकलं नाय."

नंदकिशोर ताटापासून एक पाऊल मागे सरला.

"ती नानी मी धुतली, सर. राखेनं. एकेक. होडी व्हती. माझ्या बोटाला तिची वल्ही लागली." तिने अंगठा तर्जनीवर घासला. "आज बारा वर्सं मी ह्यांना सांगतेय, होडी व्हती. ते बोलतात, नव्हती. ते बोलतात, सर खोटं कशाला बोलतील, तूच खोटारडी. पहिली वर्सं तर मना मारायला उठायचे. एकदा मी तुमच्या बिल्डिंगखाली आयले व्हते. तुमी पोरीला खांद्यावर घेऊन दूध आनायला चाल्ला व्हता. मी परत आयले."

"शिवा... शिवाला माहीत नाही?"

"त्यांना कोन सांगनार? मी सांगून थकले." तिने ताटाकडे बघितलं. "जेवा. मंग त्यांना सांगा. नायतर जेवू नका."

ती गेली. तो तसाच उभा राहिला आणि त्याच्या आत काहीतरी, बारा वर्षं जपून उभं केलेलं, शांतपणे खाली बसलं. शिवाने त्याला वाचवलं नव्हतं. शिवाने त्याच्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच. आपल्या डोळ्यांवरचा काढून. आपण त्याला निष्ठावान सैनिक करून ठेवलं, नंदकिशोरच्या मनात आलं, कारण तसं केलं की निदान सेनापती तरी राहता येत होतं. नाणं चोरलं ही त्यातली लहान गोष्ट होती. एका माणसाने आपल्या हातावर पाहिलेली वस्तू त्याने त्याच्या डोक्यातून काढून घेतली होती, आणि तिच्या जागी फळा ठेवला होता.

ताट तिथेच राहिलं. शिवा जिन्याच्या तोंडाशी पाहुण्यांना गच्चीवर पाठवत होता, खाडी दिसते म्हणून. नंदकिशोर त्याच्या उजव्या बाजूला गेला. हार काढून कठड्यावर ठेवला.

"शिवा, ते होडीचं नाणं होतं."

"आं?" मांडवात कर्णा वाजत होता. "मोठ्यानं बोला सर."

"नाणं. होडीचं. होतं."

"पानी पायजे? तेजस, सरांना पानी!"

"पाणी नको!" तो ओरडला. असा तो वर्गातही कधी ओरडला नव्हता. जिन्यातली माणसं वळली. वरच्या पायरीवर एक बाई पोराला कडेवर घेऊन थांबली. आता थांबलो तर परत ओरडता येणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं. "शिवा, होडीचं नाणं होतं! मी ते घरी ठेवलं! जमादारांपुढे मी खोटं बोललो! तू बरोबर होतास! तू बरोबर सांगत होतास!"

त्याने डबी काढली. झाकण निघेना. तेजसने पाण्याचा ग्लास पायरीवर ठेवला, त्याच्या हातातून डबी घेतली, उघडली आणि कापूस बापाच्या तळहातावर उपडा केला.

शिवाने नाणं डोळ्यांशी नेलं. मग दूर धरलं. चष्मा आणायला कुणीतरी धावलं, त्याने हाताने थांबवलं. अंगठा तो जहाजाच्या अंगावरून पुन्हा पुन्हा फिरवत होता. त्याचा चेहरा रागाने भरेल म्हणून नंदकिशोर वाट बघत होता. त्याला तो राग हवा होता, त्यासाठी तो अक्षरशः उभा होता. पण शिवाच्या चेहऱ्यावर फक्त हिशेब चुकलेल्या माणसाचा गोंधळ होता, मागे मागे जाऊन सगळं तपासणारा.

"मना वाटायचं," तो म्हणाला, मोठ्याने, कारण हळू बोलता येत नव्हतं, "माझं डोस्कं फिरलंय. कायबी बघितलं का मी दुसऱ्याला इच्यारायचो, तुला दिसतंय का रं? आपली सही करताना दहांदा इच्यारायचो. बँकेत, सिडकोत. ह्यो पोरगा हसायचा." त्याने मान वर केली, पण नंदकिशोरकडे नाही. गर्दीत शोधत होता. "पुतळे! ए पुतळे!"

पुतळा दिवाणखान्याच्या दारात होती. हाताला भाताची शितं लागलेली.

"होडी व्हती गं," शिवा म्हणाला.

ती आली. नाणं तिने घेतलं नाही. नवऱ्याच्या तळहाताखाली आपला तळहात धरला आणि वाकून बघितलं. "मंग मी काय सांगत व्हते," ती म्हणाली. पदर तोंडाशी गेला. शिवाने रिकाम्या हाताने, एवढ्या माणसांत, तिचं डोकं छातीशी धरलं. दोघं तशी उभी राहिली. कुणी नंदकिशोरला शिव्या दिल्या नाहीत, कुणी बाहेर काढलं नाही. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. तो तीन पायऱ्या उतरला आणि चपला शोधू लागला.

"देवस्थळी," मागून शिवाचा आवाज आला. सर नव्हे. "उद्या दहाला चौकीत या. मी येतो."

दुसऱ्या दिवशी तो दहाच्या आधी पोचला. आदल्या संध्याकाळी त्याने गीतांजलीला सांगितलं होतं. तिने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "ती नक्कल आहे म्हणालात, तेव्हा तुम्ही हसला होतात. आठवतं?" त्याला आठवत नव्हतं. हौसेराव केव्हाच निवृत्त झाले होते, जुनी डायरी सापडत नव्हती, आणि ठाणे अंमलदाराला हा प्रोफेसर नेमका कशासाठी आलाय हेच समजायला अर्धा तास लागला. जबाब लिहून घेताना तो एकदोनदा हसलाही. नाणं सीलबंद झालं. कलेक्टर कचेरीत जावं लागेल, कॉलेजलाही कळवावं लागेल, त्याने सांगितलं. नंदकिशोरने मान हलवली. राजीनाम्याचा कागद त्याच्या पिशवीत होता, तो त्याने तिथे काढला नाही. बाकड्यावर शिवा आणि तेजस बसले होते.

"घरत, तुमची काय तक्रार?" अंमलदाराने विचारलं. तेजसने ते बापाच्या उजव्या कानात सांगितलं.

शिवाने विचार केला. "तक्रार कशाची?" तो म्हणाला. "मी तवा खरं बोल्लो व्हतो, एवढं लिवा. आनी मना वाचून दावा."

अंमलदाराने लिहिलं, वाचून दाखवलं. शिवाने कागद स्वतः हातात घेतला, ओळीखाली बोट ठेवून पूर्ण वाचला, कुणाला काही न विचारता सही केली. मग तो उठला. नंदकिशोरच्या समोरून तो तेजसबरोबर बाहेर पडला. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला.

हलकं वाटेल, असं त्याने कुठेतरी गृहीत धरलं होतं. उन्हात बस स्टॉपवर उभा असताना त्याने ते शोधून बघितलं. ते नव्हतं. खिसा रिकामा होता आणि खांदा दुखत होता. बसमध्ये एक विद्यार्थी उठून उभा राहिला, "सर, बसा." तो बसला नाही. घरी पोचला तर दार श्रुतीने उघडलं. तिचं कॉलेज होतं, ती गेली नव्हती. अठरा वर्षांची पोर, केस न विंचरलेली, डोळे सुजलेले. मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता, लागत होता त्यापेक्षा जास्त.

"बाबा, आई काही सांगत नाहीये," ती म्हणाली. "म्हणते, तुमच्याकडूनच ऐक."

त्याने चपला काढल्या, रॅकमध्ये नीट ठेवल्या. मग खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला.